तीन स्क्रूंवरची खंडेनवमी

मी हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या अनंतरावांच्या कपाटातली फळी बोलतेय. फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाकूड येईल. मी तारेची आहे, पांढरी, जाळीदार. माझ्या आरपार दिसतं, त्यामुळे माझ्याकडून काही लपवणं होत नाही.

कुकटपल्लीच्या पलीकडे एका कारखान्यात माझा जन्म झाला. खोक्यात माझ्यासोबत आठ स्क्रू, भिंतीत ठोकायच्या आठ गिट्ट्या, दोन तिरपे टेकू आणि एक सूचनापत्रिका होती. अनंतरावांनी सगळ्यात आधी ती पत्रिका बाजूला ठेवली. सरकारी कचेरीत अडतीस वर्षं लोकांना नियम वाचून दाखवलेला माणूस. घरी वाचायचा कंटाळा येणारच.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दुपारी समीरचे आईवडील यायचे होते. अनंतरावांची लेक स्वाती आणि समीर, दोघांचं आधीच जमलेलं. आता फक्त समीरच्या वडिलांचा, हिम्मतरावांचा, होकार हवा होता. हिम्मतराव घराची टापटीप बघून माणसं जोखतात, असं कळलं होतं. म्हणून घरभरचा पसारा माझ्यावर रचून दार लावून टाकायचं, असा बेत ठरला.

अनंतराव शेजाऱ्यांचं ड्रिल घेऊन आले. तीन स्क्रू बसले आणि ते चहाला उठले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी देवापुढे मांडलेल्या विळी, कात्री, शिलाई मशीनशेजारी ड्रिलही नेऊन ठेवलं. हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"अगं, पाच स्क्रू राहिलेत!"

"असू देत. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो."

"ते आपलं नाहीये पण!"

"मग शेजाऱ्यांना पुण्य लागेल."

आणि माझ्यावर लादायला सुरुवात झाली. इस्त्रीचे राहिलेले कपडे, बंद पडलेला मिक्सर, दोन लोड, आणि नामपल्लीच्या नुमाइशीतून, म्हणजे तिथल्या प्रदर्शनातून, दरवर्षी हौसेनं आणलेल्या, एकदाही न अंथरलेल्या अकरा चादरी. मी दात आवळून उभी राहिले. स्वातीचं लग्न माझ्या तीन स्क्रूंवर आलं होतं हो!

पाहुणे आले. पोहे झाले, कौतुक झालं. आता उठतील, असं वाटत असताना अनंतरावांना राहवलं नाही. "कपाटातली फळी मीच बसवली बरं का. मिस्त्री नाही बोलावला."

"हौ? दाखवा की," हिम्मतराव उठलेच.

स्वातीनं डोळे मिटले. दार उघडलं. हिम्मतरावांनी कौतुकानं, अगदी एका बोटानं, मला दाबून पाहिलं.

मला माफ करा. मी आले. लोड, कपडे, अकरा चादरी, सगळं घेऊन त्यांच्या अंगावर आले. मिक्सर तेवढा बाजूला पडला.

स्वाती रडवेली झाली. मग चादरींखालून आवाज आला, "किती स्क्रू?"

"तीन," अनंतराव पुटपुटले. "ड्रिल पूजेत आहे."

हिम्मतराव बाहेर आले. डोक्यावर फुलाफुलांची चादर तशीच. "अनंतराव, आमच्या कपाटाला कुलूप कायको आहे, माहीत आहे? माझी फळी दोन स्क्रूंवर आहे. सालभर झालं. मिस्त्री नक्को म्हटलं मी."

"एकच स्क्रू आहे," त्यांच्या पत्नी अलकाबाई म्हणाल्या.

आधी स्वाती हसली, मग सगळेच. हिम्मतराव म्हणाले, "पोरगी आमची झाली. उद्या ड्रिल मोकळं होऊ द्या, सोनं द्यायला येतो आणि फळीपण बसवून टाकू!"

दसऱ्याला दोघांनी मिळून मला बसवलं. आठही स्क्रू लागले. मी जराशी डावीकडे कललेय, म्हणून बांगड्यांचा डबा रोज घरंगळतो. स्वातीचं लग्न होऊन वर्ष झालं. तिच्या शालूची घडी मात्र माझ्याकडेच आहे. तिच्या वजनाचं मला ओझं वाटत नाही, खरंच सांगते.

कालपासून माझ्यावर एक नवं खोकं येऊन बसलंय. आत माझीच धाकटी बहीण आहे. स्वातीच्या नव्या घरी तिला बसवायचंय, आणि दोघे व्याही म्हणतात, मिस्त्री नक्को. मुहूर्त खंडेनवमीच्या सकाळचा.

ती बिचारी झोपलीय. कुणीतरी कृपा करून तिच्या खोक्यातली पत्रिका वाचा.