खालच्या थरातला शिंपला

मी शिंपला बोलतोय. जिवंत होतो तेव्हा तोंड उघडायचो ते फक्त खाण्यापुरतं, त्यामुळे बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या. आता तर पुरता दगड झालोय. करड्या दगडाचा एक जड तुकडा आणि त्यातून वर आलेली माझी पाठ, एवढंच दिसतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवतात. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ठेच लागते आणि वर शिव्याही मीच खातो.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. मेलो तो तिथल्याच चिखलात. मग वरून गाळ येत राहिला, अगदी चिमूटचिमूट. पाण्यातला गाळ सपाट बसतो. आधी बसलेला खाली, नंतर आलेला वर. यात काही गूढ नाही, पण हे माणसांच्या गळी उतरवताना एका भल्या माणसाचा जीव मेटाकुटीला आला.

माझ्या करड्या थरावर पिवळा थर बसला आणि त्याच्यावर पुन्हा एक करडा. तो वरचा करडा दिसायला हुबेहूब आमच्यासारखा, पण त्यात माझ्या जातीचं कुणी नव्हतं. तोवर आमचा वंशच संपला होता. वरच्या थरात बारीक रेघांचे वेगळेच शिंपले होते. त्यांची माझी ओळख फार उशिरा, डॉक्टरांच्या टेबलावर झाली.

समुद्र मागे हटला, जमीन वर आली आणि आमचे थर गावाबाहेरच्या कड्यात उघडे पडले. गावच्या डॉक्टरांची वाट तिथूनच जायची. त्यांच्या औषधांच्या पेटीत हातोडी आणि छिन्नी असायची. रोग्याकडे निघायचे आणि कड्याशी रेंगाळायचे. बोलवायला आलेला माणूस चिडायचा, "अहो डॉक्टर, तिकडे बाबा तापाने फणफणलेत आणि तुम्ही दगड कसले कुरवाळताय?"

"आलो रे आलो," म्हणत ते आणखी एक दगड पेटीत टाकायचे.

दगड काढायची त्यांची एक रीत होती. आधी गेरूत बोट बुडवून माझ्या वरच्या अंगावर बाण काढला, म्हणजे वर कुठलं ते कळावं. शेजारी एक रेघ ओढली. खालच्या करड्या थराला एक रेघ, पिवळ्याला दोन, वरच्या करड्याला तीन. मगच छिन्नी लावली. कड्यालगतच्या दगडखाणीचा मुकादम शेजारी उभा होता. तो म्हणाला, "वहीत लिहून ठेवा की."

"वह्या हरवतात. दगडावर लिहिलेलं कुठे जातंय?" डॉक्टर हसून म्हणाले.

हा सगळा खटाटोप शहरातल्या विद्वानांच्या एका सभेसाठी होता. त्यांचं म्हणणं असं, की सगळे डोंगर एकाच महापुरात एका दमात तयार झाले. दोन्ही करडे दगड सारखे, म्हणजे त्यांचं वयही सारखं. डॉक्टर म्हणायचे, दगडाचा रंग काय बघता, त्यातले जीव बघा. खालचे वेगळे, वरचे वेगळे, म्हणजे मध्ये केवढा काळ गेला असेल! शेवटी अध्यक्षांनी त्यांना सांगितलं, "दगड आणा, खुणांसकट मांडा, मग बोलू." डॉक्टरांना आयुष्यात हवं होतं ते एवढंच.

संध्याकाळी दिवा ओढून घेऊन ते आमच्याशी तासन्‌तास बोलायचे. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. "काय आहे हो त्यात एवढं?" त्या विचारायच्या.

"काही नाही गं. तुला कंटाळा येईल," ते मान वर न करता म्हणायचे. बाई थोडा वेळ थांबून आत जायच्या. मला वाईट वाटायचं. दगडाशी गप्पा आणि बायकोला दोन शब्द नाहीत, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग एका रोग्याचा ताप डॉक्टरांनाच चिकटला. बाईंनी रात्रीचा दिवस केला आणि त्यांना मरणाच्या दारातून परत आणलं. पण ताप जाताना त्यांची स्मरणशक्ती घेऊन गेला. शेजाऱ्यांची नावंसुद्धा आठवेनात. त्याच दिवसांत गावात नवा पूल निघाला, त्याला चुना हवा होता. मुकादमाने आमचा कडा सुरुंगाने उडवून भट्टीत घातला. माझी सगळी भावकी तिथे जळाली.

सभेची तारीख जवळ आली होती, हे बाईंच्या लक्षात होतं. डॉक्टर खोलीत येऊ लागतील तोवर दगड तयार हवेत, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांनी बादलीभर गरम पाणी आणलं, राख आणली, ब्रश आणला आणि बाह्या वर केल्या. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण दगडाचं कोण ऐकतो? माझा बाण गेला, रेघ गेली, पाणी लाल झालं. मग त्यांनी आम्हाला मोठे मागे, लहान पुढे असं नीट ओळीत लावलं.

डॉक्टर भिंतीला धरत धरत आले.

"बघा तरी! ते लाल डाग निघता निघेनात, पण मी काही सोडलं नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, अंगठ्याने पाठ चाचपली. मग त्यांची नजर बाईंच्या हातांवर गेली. राखेने ते हात सोलवटले होते.

"छान झालेत गं," ते म्हणाले. "अगदी नव्यासारखे."

सभेला ते गेले. पिवळे दगड ओळखू आले, पण करड्यांतला वरचा कुठला आणि खालचा कुठला, ते काही आठवेना. "मला वाटतं हा खालचा," असं ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. बरोबर होतं हो! पण अध्यक्षांनी विचारलं, "खुणा कुठायत?"

"पुसल्या गेल्या. चूक माझी."

"मग कड्यावर जाऊन बघू या."

"कडा राहिला नाही."

सभा हसली. तो हशा मला अजून ऐकू येतो. घरी आल्यावर बाईंनी उत्सुकतेने विचारलं, "आवडले का सगळ्यांना?"

"दगड फार आवडले," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी हातोडी उचलली नाही आणि मरेपर्यंत याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांची पुतणी शिकून आली. म्हणाली, "काकू, काका म्हणायचे तेच खरं निघालं. दुसऱ्या लोकांनी दुसऱ्या कड्यांवर दाखवून दिलं. आता त्या सभेतले विद्वानसुद्धा तेच मानतात."

म्हाताऱ्या बाई माझ्यावरची धूळ पुसत होत्या. त्या थांबल्या. "मग यांनीच का नाही गं दाखवलं?" त्या म्हणाल्या. "मी तर सगळे एवढे स्वच्छ करून दिले होते."

पुतणीने माझ्याकडे पाहिलं, काकूंच्या हातांकडे पाहिलं, आणि तीही गप्प बसली.

आता त्या तिघांपैकी कुणीच नाही. तुम्ही घरात वाकून काही करत असाल, आणि दारात कुणी उभं राहून विचारत असेल, तर सांगा हो त्याला. कंटाळा येईल की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

आणि कुणाकडे गेरू असेल तर माझ्यावर एक रेघ ओढा. एकच. मी खालच्या करड्या थरातला आहे.