नाव झाकलेली पाणपोई

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक म्हातारी दगडी पाणपोई असले, अंगावर शेवाळ आणि त्या मेल्या कबुतरांची घाण असली, तरी एके काळी अख्खी गल्ली माझ्यापुढे ओंजळ धरून उभी राहायची. सोफिया शहरातल्या ट्रामच्या खडखडाटाकडे पाठ फिरवून आमची जुनी बाग चिडीचूप बसलेली असते, आणि तिच्या फाटकाशी मी.

मला घडवलं एका आईच्या दुःखानं. तिची लेक तापात "पाणी, पाणी" करत गेली. आमच्याकडे रीतच आहे, गेलेल्याच्या नावानं पाणी वाहतं ठेवायचं. पिणाऱ्यानं नाव वाचायचं, "देव तिचं भलं करो" म्हणायचं, मग ओंजळ धरायची. पाथरवटानं त्या पोरीचं नाव माझ्या कपाळावर कोरलं. त्याच संध्याकाळी ती गेलेली पोर आली. फिकट निळा झगा, पाय अनवाणी. पोटभर पाणी प्यायली आणि गेली. मी घाबरले नाही; ती माझीच तर होती. पुढेही कुणी नाव घेतलं की यायची, प्यायची, शांतपणे जायची.

मग पाण्याच्या बाटल्या आल्या. नाव वाचायला थांबतो कोण? त्यात आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारावर, झाडावर, फाटकावर चिकटवतात, आणि दर वर्षी नवा. माझं कपाळ ऐसपैस, त्यामुळे सगळ्यांचा डोळा माझ्यावर! समोरच राहणाऱ्या राइना आजीनं तर कहरच केला. आपल्या नवऱ्याचा, लाझारचा कागद तिनं नेमका नावावरच थापला.

फाटकात सूर्यफुलाच्या भाजक्या बिया विकणारा गान्चो हसला. "काय राइनाबाई, नवऱ्याला पुन्हा चिकटवायला आलात?"

"जिवंतपणी एका जागी टिकला नाही मेला. आता तरी राहू दे!" आजी म्हणाली. पण कागदावरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून माझी पोर विचित्र वागू लागली. कुणी न बोलावता यायची. पाणी प्यायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्या मुलांच्या तोंडाकडे बघत राहायची.

एका दुपारी आजीची नात दारिना माझ्या पायरीवर खेळत होती. माझी पोर तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुझं नाव काय?"

"दारिना. तुझं?"

"विसरले. तुझं मला देतेस?"

"घे की!"

पोरच ते! मूठभर बिया द्याव्यात तसं नाव देऊन बसली. तिला थांबवायला हवं होतं, पण माझ्या तोंडातून पाणी येतं, शब्द येत नाहीत.

"दारिना, चल गं घरी!" आजीनं बाकावरून हाक मारली.

दारिना हललीच नाही. माझ्यामागून मात्र कुणीतरी ओ दिली. "आले, आजी!"

तिथे कुणीच दिसत नव्हतं. कोरड्या फरशीवर फक्त ओली पावलं उमटत होती. छोटी, अनवाणी. ती आजीच्या रोखानं निघाली. आजीच्या हातातली पिशवी गळून पडली. तिनं धावत येऊन नातीला गदागदा हलवलं. "अगं, बोल ना! दारिना!"

"दारिना कोण?" पोर म्हणाली. "मला नाव नाही."

गान्चो धावत आला. "ऊन लागलं असेल! पाणी मारा तोंडावर." पाणी मारलं. पोरीची पापणीही लवली नाही. ओली पावलं आजीच्या अगदी मागे येऊन थांबली.

तेव्हा कुठे आजीला आठवलं, लहानपणी आई पाणपोईवर पाणी पिण्याआधी काय म्हणायला लावायची ते. "गान्चो, ही पाणपोई कुणाच्या नावाची रे?"

"इतकी वर्षं इथंच बसतोय, पण वाचलं नाही बुवा कधी."

आजीनं वर पाहिलं. तिथे लाझार हसत होता. त्याचा तेवढा एकच हसरा फोटो होता.

"माफ कर रे बाबा," ती म्हणाली आणि घराच्या किल्लीनं खरवडू लागली. हसू फाटलं, डोळे फाटले, त्याखालचे जुने चेहरे सोलून निघाले. बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही. शेवटी अक्षरं दिसली.

"नेवेना!" आजी ओरडली. "नेवेना, ये बाळ, पाणी पी. देव तुझं भलं करो!"

माझी धार क्षणभर मध्येच तुटली, कुणी ओंजळ धरावी तशी; खाली थेंबही पडेना. मग पुन्हा वाहू लागली.

"आजी, माझा झगा कशानं भिजला?" दारिनानं विचारलं. आजी तिला छातीशी धरून ढसाढसा रडली.

लाझारचा नवा कागद आता गान्चोच्या बियांच्या पेटीवर असतो. "फुकटात बिया खातोय लेकाचा!" गान्चो म्हणतो. आजी रोज येऊन नेवेनाचं नाव घ्यायची. पण परवापासून ती अंथरुणाला खिळली आहे, आणि काल कुणीतरी परक्यानं माझ्या कपाळावर ताजा कागद लावला आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या बागेत आलात तर घटकाभर थांबा. कागद हलक्या हातानं काढा, नाव मोठ्यानं वाचा, मग पाणी प्या. आणि निळ्या झग्यातल्या कुण्या मुलीनं तुमचं नाव मागितलं, तर देऊ नका. आधी तिचं तिला द्या.