लंगरावर

"कांदा बारीक चिरा मावशी, डाळीत गळला पाहिजे," शंकरसिंग म्हणाला.

"तुमच्या डोळ्याले पानी येत नाही काय सरदारजी? मले त दिसूनच नाही राह्यलं."

पांढरकवड्याबाहेर हायवेला नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी फुकट जेवणाचा लंगर लागला होता. जयाबाई तिथेच पेरू विकायची. आज पेरूंवर ओलं फडकं टाकून ती कांदे चिरायला बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं.

"माहा पोरगा संघदीपबी लंगरातच जेवते," ती म्हणाली. "जहाजावर कामाले हाये. पोळ्यापासून म्हणते, आई, आमी लंगरवरच हाओ. म्हटलं, बरं झालं. तितंबी तुमच्यासारखे लोक हायेत."

डाळीतली शंकरसिंगची पळी थांबली. तरुणपणी त्याने मुंबईच्या गोदीत काम केलं होतं.

"जहाज चालतंय का उभं आहे?"

"उभंच हाये. मालकाचा पत्ता नाही म्हने."

तो तिच्याजवळ येऊन बसला. चुलीपुढच्या राखेत त्याने बोटाने गळासारखा वाकडा आकडा काढला.

"मावशी, तो लंगर निराळा. जहाज हलू नये म्हणून पाण्यात असा लोखंडी आकडा सोडतात. फारसीत तोही लंगर आणि आपलं हे जेवणही लंगर. कोकणातले खलाशी त्याला नांगर म्हणायचे."

"नांगर?" जयाबाई राखेकडे बघत राहिली. "नांगर त पुढं जाते."

"तिथं तो जागेवर धरून ठेवतो."

"मंग जेवाले कोन देते त्याईले?"

शंकरसिंगने डाळ ढवळली. "जहाजावर भरलेलं असेल तेच. मालक फिरकला नाही तर तेच पुरवून खायचं."

जयाबाईने उरलेले कांदे चिरले. बारीक चिरले.

संध्याकाळी संघदीपचा फोन आला. आवाज तुटत होता.

"जेवला काय रे?"

"जेवलो ना. वरण-भात. लंगर चालूच हाये इथं," तो हसला. आईची ही समजूत त्याने पहिल्या दिवसापासून मोडली नव्हती.

जयाबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोरून ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"भातात पानी जास्त टाकत जाय, बापू. आधी पेज पेऊन घ्यायची, मंग भात. जास्त दिवस पुरते."

या वेळी तो हसला नाही.

"बरं, आई," तो म्हणाला.