गुंडूला हाक

आम्ही लिंगायत. आमच्या राजेश्वर गावच्या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. मी या घरची सून, सुधारानी. माझी पूजा पाच मिनिटांत उरकते आणि लगेच चहा. सासूबाई नागव्वा, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या मात्र गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन तासभर बसायच्या. एकदा मी आत गेले तर कानावर पडलं, "गुंडू, आज ज्वारी काढायलाव रं. ऊन जरा कमी ठेव."

विचारलं तर म्हणाल्या, आठव्या वर्षी लिंग बांधलं तेव्हापासून त्याचं हेच नाव.

माझ्या जिभेला हाड नाही. आळंदच्या एका लग्नात बायकांच्या पंगतीत मी हे तिखटमीठ लावून सांगितलं. पंगत पोट धरून हसली. आत्याबाईही हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पूजेचं दार बंद झालं आणि आतून आवाज येईना. असं सहा वर्षं चाललं. माफी मागायची राहून गेली, असं मी म्हणते. खरं म्हणजे मी मागितलीच नाही.

यंदा संक्रांतीनंतर त्यांना मेंदूचा झटका आला. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात जीव वाचला, पण बोलणं गेलं आणि नजर कुणावरही ठरेना. त्यांना गिळता येतंय, तरी तोंड उघडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवस सलाइन चाललं. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालणार होते.

कुठं अडलंय ते माझ्या नवऱ्याला, बसवेशला, बरोबर कळलं. पूजेशिवाय आई खाणार कशी? त्यानं त्यांच्या कपाळाला विभूती लावली, लिंग तळहातावर ठेवलं, येत होते तेवढे सगळे मंत्र म्हटले. बोटं हललीसुद्धा नाहीत. लिंग घरंगळलं, ते त्यानं झेललं, माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन रडला.

मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती. तरी लिंग पुन्हा त्यांच्या तळहातावर ठेवलं, खालून माझा हात धरला.

"गुंडू," मी म्हटलं, "आत्याबाई तीन दिस उपाशी हायत. माझ्यामुळं त्यांनी तुला मोठ्यानं हाक मारायची सोडली. माझा राग त्यांच्यावर काढू नको. ऊठ बाबा."

एकेक करून बोटं मिटली. आत्याबाईंनी मान वळवून तळहाताकडं पाहिलं. मी सहजासहजी काही मानणारी बाई नाही, पण त्या खोलीत आम्ही दोघीच नव्हतो, एवढं मी शपथेवर सांगेन.

"जेवलास का, गुंडू?" त्या पुटपुटल्या.

मी पेजेचा चमचा आधी लिंगाला दाखवला, मग त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड उघडलं.

आता त्या घरी आहेत. बसवेशला ओळखत नाहीत आणि मला 'कोन बाई तू' म्हणतात. सगळी नावं पुसली, एकच उरलं. सकाळी दार उघडं ठेवून दोघांच्या गप्पा चालतात. मीही शेजारी माझं लिंग तळहातावर घेऊन तासभर बसते. हाक मारायला तोंड उघडते, पण माझ्याकडं त्याचं नावच नाही.