गोताचा कौल

यज्ञेश्वरशेट तबकाकडे पाहत बसले होते आणि सभामंडपात कोणी खोकतही नव्हते. तबकात बेलाची पाने आणि भंडारा. पेठेचा शेटे, म्हणजे गोताचा प्रमुख, निवडायचा तर गोतातल्या प्रत्येक घरच्या कर्त्याने बेलभंडार उचलून, देवाला स्मरून, एक नाव घ्यायचे, अशी रीत. श्रीधरशेट आणि श्यामसुंदरशेट, दोघांच्या पारड्यात सारखीच घरे पडली होती. आता उरला होता हा एक म्हातारा आवाज.

श्रीधरशेट ताठ बसून मनात एकच घोकत होते: आधी पगडी, मग कुसुम.

कुसुम त्यांची एकुलती लेक. वाघोलीच्या वाटेवर पेंढाऱ्यांनी तिला पळवले होते. ती सुटून चालत परत आली, तेव्हा सासरने दार उघडले नाही. आणि मग माहेरनेही. सारी आळी पाहत असता श्रीधरशेटांनी आतून कडी घातली. फटीतून तेवढे कुजबुजले, "वेशीबाहेरच्या सोजरबाईकडे राहा. बाटलेल्या घराला गोत शेटेपण देत नाही. पण एकदा शेटे झालो की गोत बसवणे माझ्या हाती. तुला शुद्ध करून पंक्तीला घेतो. निवडीच्या दिवशी देवळापाशी ये." दाराबाहेरचा श्वास बराच वेळ तिथेच राहिला, भिंतीत ओल राहते तसा.

यज्ञेश्वरशेटांनी बेलभंडार उचलला.

"श्रीधर."

श्यामसुंदरशेट हसले. "कळू द्या तरी, आमच्यात काय उणे पडले?"

"तुला दया येते, बाबा. कोणी रडले की तुझा निवाडा भिजतो. याने पोटची पोर दारात उभी असता कडी घातली. स्वतःच्या लेकीपुढे जो विरघळला नाही, तो आमच्या लेकींपुढे काय विरघळणार? गोताला असाच माणूस हवा."

"खरे आहे," श्यामसुंदरशेट म्हणाले. "आमच्या घरच्या कड्या पहिल्यापासून सैल."

माना डोलल्या. श्रीधरशेटांच्या डोक्यावर पगडी आली, हातात विडा आला. त्यांनी ओठ ओले केले. "गोतापाशी माझे एक मागणे होते..."

"बोला ना, शेटे," यज्ञेश्वरशेट मऊपणे म्हणाले. "फक्त ज्याला आम्ही निवडले, तोच बोलू दे."

श्रीधरशेटांनी विडा तोंडात घातला.

बाहेर उन्हे कलली होती. दीपमाळेपाशी कुसुम उभी होती, सोजरबाईचे धुवट लुगडे नेसून, केस चापून बसवून. दर्शनाला आलेल्या बायकांनी पदर आवरून तिच्याभोवती जागा मोकळी केली होती. एखाद्या खड्ड्याभोवती करावी तशी. वडील पायऱ्यांवर दिसले तशी ती पुढे आली, आणि आपली सावली त्यांच्या पायांवर पडेल हे ध्यानात येऊन थबकली.

"पगडी शोभते, आबा."

वाजंत्री थांबली. मागे सारे गोत पायऱ्यांवर खोळंबले होते. यज्ञेश्वरशेट नव्या शेट्यांच्या मानेकडे पाहत होते, बाजारात बैल पारखावा तसे.

"तुम्ही सांगितलेत तशी आले," ती म्हणाली. आवाज खाली आला. "आता घरी जायचे ना?"

श्रीधरशेटांच्या गालात विडा होता. त्यांनी तो चावला नाही. पगडी किंचित सारखी केली, उरलेल्या पायऱ्या उतरले आणि तिच्या डावीकडून, अंगाला अंग लागणार नाही इतके अंतर राखून, पेठेच्या दिशेने चालू लागले.