दोनदा मोजलेली गादी

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका सोफ्याला कापड चढवत होतो. फोन तिच्या साहेबांचा होता. विमानांच्या चाचण्यांत आयुष्य काढलेली बाई, म्हणून मला आधी विमानच आठवलं. साहेब म्हणाले, तसं काही नाही, कँटीनमध्ये. रांगेत उभ्या होत्या, हार्ट. मी विचारलं, जेवली होती का? ते म्हणाले, नाही हो, रांगेतच होत्या. मग मी हातोडी खाली ठेवली.

नोकरीला लागली तेव्हा तिला मागच्या सीटवर बसवत. पुढचा वैमानिक विमान मुद्दाम वेडंवाकडं उडवणार आणि हिनं कुठे काय हलतं ते टिपायचं. पहिलं वर्ष एका हातात पेन, दुसऱ्या हातात पिशवी. माझी आई म्हणायची, "ओकायला एवढं शिकायला कशाला हवं?" पुढे ती सिम्युलेटरवर गेली. म्हणजे जमिनीवर हलणारं खोटं कॉकपिट, वैमानिकांना शिकवायला. खरं विमान जे करतं ते खोट्यानं करायला हवं, एवढंच काम. त्यात तिचे केस पिकले.

शेवटचं काम स्टॉलचं होतं. वेग फार कमी झाला की पंख विमानाला धरेनासे होतात, तो स्टॉल. त्याच्या आधी विमान थरथरतं. ती थरथर ओळखली तर माणूस वाचतो.

जायच्या आदल्या संध्याकाळी भांडी पुसताना ती म्हणाली, "आम्ही सगळे गाढव आहोत."

"आज कळलं?"

"ऐक रे. उड्डाणात थरथर मोजायचं यंत्र सीटच्या गादीवर बसवलं होतं. खाली सांगाड्यावर बसवायला हवं होतं. गादीनं बरीचशी थरथर खाल्ली. जे उरलं ते आम्ही सिम्युलेटरला दिलं, आणि त्याच्या सीटवरही गादी आहेच. उरलेलं तिनं खाल्लं. उद्या सांगते साहेबांना."

आठवड्यानं तिचा चष्मा आणि छत्री आणायला तिच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, शुक्रवारी मॅडमच्या स्टॉलला मंजुरी मिळणार, त्यांच्या नावानं. मी गादीचं सांगितलं.

"हे त्या तुम्हाला बोलल्या?"

"गाद्यांचं मला सांगते. इंजिनाचं नाही सांगत."

तिथे चाचणी वैमानिक होता, सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. तो उसळला. "मी बोंबलून सांगत होतो, हा स्टॉल नाही, पाळणा आहे!"

"तुम्ही सगळंच बोंबलून सांगता," तिच्या हाताखालची मुलगी म्हणाली. बायको तिला धाकटी म्हणायची.

कॅप्टननं मला सिम्युलेटरमध्ये शेजारी बसवलं. तिच्या कामाच्या जागी मी पहिल्यांदाच बसत होतो. त्यानं वेग कमी केला. बुडाला जराशी गुदगुली झाली.

"आता काय होणार?" मी विचारलं.

"झालं. आपण पडतोय."

धाकटीनं गाद्या काढल्या आणि पुन्हा तेच केलं. या वेळी दात वाजले. तरी कॅप्टन म्हणाला, खऱ्याच्या मानानं हेही काहीच नाही.

साहेब आमच्या मागोमाग बाहेर आले. "उड्डाण पुन्हा करावं लागेल. चाचणीला आणलेलं विमान तर परत गेलंय. आत्ता मंजूर करून मागाहून दुरुस्त केलं तर?"

"मधे जे शिकतील ते?" धाकटी म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडमचं शेवटचं काम अर्धवट राहील. चालेल तुम्हाला?"

"ती रोज अर्धवटच टाकून यायची," मी म्हणालो. "पण चुकीचं झालंय म्हटल्यावर तिला झोप लागायची नाही."

शुक्रवारी साहेबांनी मंजुरी थांबवली. सिम्युलेटरच्या दारावर आता पाटी आहे, यावर स्टॉल शिकवू नये. धाकटीनं लावली, जरा तिरकी लागली आहे.

विमान अजून मिळालेलं नाही. थरथर पुन्हा मोजायची राहिली आहे.