जावईबापूंची सीट

ग्रंथपाल इतका उंच होता, की त्याच्या वाचनालयाने शिडी कधी विकत घेतलीच नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असलं, की लोक सरळ त्याला हाक मारत. सहा फूट पाच इंच, आणि त्यात पाठच जास्त. उभा असला की ठीक, बसला की पंचाईत. सिनेमाला त्याच्या मागे बसलेली माणसं निमूट उठून दुसरीकडे जायची.

अशा माणसाला चाळिशीत शर्यतीचं वेड लागलं. गावाबाहेर एक जुनी धावपट्टी ओस पडली होती. तिथे महिन्यातून एका रविवारी हौशी मंडळी आपापल्या रोजच्याच गाड्या घड्याळ लावून पळवत. ग्रंथपालाकडे गाडी होती ती सासूबाईंची. नजर अधू झाल्यावर त्यांनी ती जावयाला देऊन टाकली होती. सासूबाई जेमतेम चार फूट दहा इंच, आणि गाडी त्यांनी स्वतःच्याच मापाने घेतलेली. ग्रंथपाल मान खिडकीकडे कलती करूनच चालवायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्यांना वाटे, हा आपल्याशी काही बोलतोय. ते काच खाली करत.

पहिल्याच रविवारी शर्यतीच्या तपासनिसाने त्याला हेल्मेट घालून गाडीत बसवलं आणि हेल्मेट व छत यांच्यात हात सरकवून पाहिला. हात कसला, पोस्टाचं तिकीटही गेलं नसतं.

"चार बोटं जागा पाहिजे," तपासनीस म्हणाला. "गाडी उलटली तर आधी डोकं आपटेल."

"अहो, ही गाडी तेवढी जोरात पळतच नाही."

"उलटायला जोर लागत नाही. नशीब लागतं."

म्हणून ग्रंथपाल वेल्डरबाईंकडे गेला. शर्यतीच्या गाड्यांची कामं त्याच करत. सासूबाईही बरोबर निघाल्या. "माझी गाडी कापणार म्हणे. बघू तरी कोण कापतंय," असं म्हणत त्या वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून बसल्या.

वेल्डरबाईंनी ग्रंथपालाला भिंतीला टेकवून जमिनीवर बसवलं, डोक्यावर फळी धरली आणि माप घेतलं.

"पायांचं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "सगळा घोटाळा पाठीचा आहे."

"लहानपणापासून वाकून बस, वाकून बस सांगतायत सगळे," ग्रंथपाल म्हणाला.

"पाठ कापता येत नाही. सीट बदलू." त्यांनी कोपऱ्यातली बकेट सीट ओढून आणली. ती दोन्ही बाजूंनी माणसाला कवेत घेणारी होती, अर्धी टबासारखी. "तुमची जुनी सीट रुळांवर आहे, रूळ स्टँडवर आहेत, वर हा गादीचा डोंगर. ही थेट तळाला बोल्ट करायची, जरा मागे झुकवून. वीतभर जागा सुटेल. पण एकदा बसवली की पुढेमागे हलायची नाही. दुसरं कोणी चालवतं का?"

"बायको सायकलने जाते. म्हणते, गाडीत बसलं की आई ओरडल्यासारखं वाटतं."

"ऐकू येतंय मला," दारातून आवाज आला.

जुन्या सीटचे दोन बोल्ट मुकाट्याने निघाले, दोन गंजलेले होते. वेल्डरबाईंनी पाय रोवून ते हिसकले आणि सीट उचलून बाहेर ठेवली. खाली एक कंगवा, चिकटलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या आणि रुळातल्या ग्रीसमध्ये रुतलेलं मोत्याचं कानातलं. वेल्डरबाईंनी ते फडक्याला पुसून सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं.

सासूबाईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मूठ घट्ट मिटली.

नऊ वर्षांपूर्वी हेच कानातलं हरवलं होतं. त्या दिवशी सासूबाई धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या. 'तुझ्याकडेच राहिलं, तूच ठेवून घेतलंस,' असं त्या बोलून बसल्या. 'म्हणजे मी चोर?' म्हणून धाकटीने दार लावलं. घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर, पण तेव्हापासून दोघींमध्ये विस्तव जात नव्हता.

"सीट बसवायला किती वेळ?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन तास."

"आई, मावशींकडे आपण टॅक्सीने जाऊ या ना," ग्रंथपाल हळूच म्हणाला.

"नऊ वर्षं गेली. दोन तासांनी काय होतंय?" त्या म्हणाल्या. पण टॅक्सी त्यांना नको होती ती भीतीपोटी, हे त्याने ओळखलं.

बोल्ट तळातून उपटून येऊ नयेत म्हणून वेल्डरबाईंनी खालून जाड पत्र्याचे तुकडे लावले, सीट घट्ट आवळली आणि ग्रंथपालाला आत उतरवलं. कितीतरी वर्षांनी त्याची मान सरळ झाली. शेजारच्या जुन्या, उंच सीटवर सासूबाई बसल्या. त्यांनी वळून पाहिलं, तर जावयाचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या खाली!

"जावईबापू, आज पहिल्यांदा तुमचं टक्कल दिसलं," त्या म्हणाल्या आणि जरा सावरल्या.

बहिणीच्या दारापाशी गाडी थांबली. सासूबाई उतरून फाटकाशी उभ्या राहिल्या, पण घंटेपर्यंत हात जाईना. इकडे ग्रंथपालाने उतरायचा प्रयत्न केला. खांदे सीटच्या पंखांत, गुडघे स्टिअरिंगखाली. एक पाय बाहेर आला आणि बाकीचा माणूस आतच राहिला.

"आई, जरा हात द्या."

सासूबाईंनी ओढलं. काही हललं नाही. आवाज ऐकून मावशी बाहेर आल्या. त्यांनी बहिणीकडे एकदा पाहिलं आणि जावयाचा दुसरा हात धरला.

"सरळ काय ओढतेस, ताई? तिरका काढ."

"माझा जावई आहे, मला माहितीये कसा काढायचा."

"माहितीये, म्हणून अडकलाय का?"

तिसऱ्या हिसक्याला ग्रंथपाल सुटला आणि तिघंही रस्त्यावर बसली. सासूबाईंनी बसल्या बसल्याच मूठ उघडली. "सीटखाली होतं. चुकलं माझं."

मावशींनी मोती निरखला. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं मी बाजारात तू नसशील अशी वेळ बघून जातेय. भाजी उरलेलीच मिळते गं त्या वेळी!" आणि त्या रडायला लागल्या. सासूबाईही. ग्रंथपाल उठून पँट झटकत राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

पुढच्या शर्यतीला तपासनिसाची चार बोटं आत गेली, वर अंगठाही गेला. कडेला दोघी बहिणी घडीच्या खुर्च्या टाकून, एकाच छत्रीसाठी भांडत बसल्या होत्या. ग्रंथपाल चौदा जणांत अकरावा आला आणि बेहद्द खूश झाला.

संध्याकाळी मावशींनी शेजारणीला सांगितलं, "तिसरा आला आमचा जावई."

"दुसरा," सासूबाईंनी चूक दुरुस्त केली.